इंग्रजीतले अनवट शब्द आपलेसे कसे करावेत: मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी सविस्तर वाट

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत मी दोन वर्षं काढली. रोज चाळीस इंग्रजी शब्द पाठ करायचे, असा नेम होता. पानावर मधोमध उभी रेघ, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. सहा महिन्यांत तीन वह्या भरल्या. मग एका मुलाखतीत मी मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं की या कामाच्या नुसत्या कल्पनेनं मी ‘एनर्व्हेटेड’ झालो आहे. मला म्हणायचं होतं, अंगात उत्साह संचारला आहे. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, “तुम्हाला थकवा आलाय का?”

एनर्व्हेट म्हणजे अंगातलं त्राण काढून घेणं. लॅटिनमध्ये ‘नर्व्हस’ म्हणजे स्नायू किंवा शीर, आणि सुरुवातीचा ‘ए’ म्हणजे बाहेर. एनर्जीशी या शब्दाचं काही नातं नाही, कानाला तेवढं तसं वाटतं. घरी येऊन वही उघडली, तर अर्थ अगदी बरोबर लिहिलेला होता. पाठही होता. पण तो शब्द मी एकाही वाक्यात पाहिला नव्हता, त्याच्या मुळापाशी गेलो नव्हतो आणि एकदाही वापरला नव्हता. चाळीस जणांच्या रांगेत नुसता चेहरा पाहिलेल्या माणसाला ऐनवेळी भलत्याच नावानं हाक मारावी, तसं झालं.

गंगावेशीच्या तालमीत सकाळी जाऊन बघा. वस्ताद नव्या पोराला एका दिवसात वीस डाव दाखवत नाहीत. एक डाव, तोच, अंग मोडेपर्यंत. कारण डाव ठाऊक असणं वेगळं आणि समोरचा गडी अंगावर आल्यावर तो हातातून आपसूक निघणं वेगळं. शब्दांचंही तसंच आहे. पुढची सगळी पद्धत याच समजुतीवर उभी आहे. गेली काही वर्षं मी ती स्वतः पाळतो आणि संध्याकाळी माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींनाही तीच शिकवतो.

एक सूचना आधीच देतो. इथे शब्द देवनागरीत आहेत. स्पेलिंग कोशात शोधून आपल्या हातानं उतरवून घ्या. त्या शोधाशोधीत निम्मं काम होतं.

पहिली पायरी: पाया मोजून घ्या

अनवट शब्दांकडे वळण्याआधी नेहमीचे शब्द पक्के आहेत का ते बघा. इंग्रजी शिकवणाऱ्यांनी याच्या याद्या फार कष्टानं केल्या आहेत. मायकेल वेस्ट यांची सुमारे २,००० शब्दांची यादी १९५३ची. त्यापुढची, उच्च शिक्षणाच्या पुस्तकांत सर्व विषयांत भेटणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुटुंब) यादी न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केली. दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात. दुसरीतला निम्मा भाग अनोळखी वाटला, तर दुर्मीळ शब्द तूर्त बाजूला ठेवा आणि तीच यादी सहा महिने घ्या. यात कमीपणा अजिबात नाही.

आणखी सोपी कसोटी हवी असेल, तर इंग्रजी दैनिकाच्या अग्रलेखातले शंभर शब्द मोजा आणि न कळलेल्यांखाली रेघ ओढा. पाचपेक्षा जास्त रेघा पडल्या, तर पाया कच्चा आहे. दोनतीनच पडल्या, तर तुम्ही नेमक्या जागी उभे आहात. पॉल नेशन या भाषाशास्त्रज्ञांनी २००६ साली मांडलं की कोशाचा आधार न घेता कादंबरी किंवा वर्तमानपत्र सुखानं वाचायचं, तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे लागतात, आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं यावी लागतात. हा आकडा बघून घाबरू नका. आठवड्यात पाच दिवस, दिवसाला चार शब्द धरले, तर वर्षाला हजार होतात. चाळीसच्या वेगानं मी तीन वह्या भरल्या आणि त्यातलं फार थोडं उरलं. चारच्या वेगानं घेतलेलं अजून माझ्याजवळ आहे.

दुसरी पायरी: शब्द यादीतून नको, वाचनातून उचला

‘हजार अवघड शब्द’ छापाचं पुस्तक विकत घेऊ नका. शब्द तिथूनच घ्या, जिथे तो काम करताना दिसतो. त्यातही सुरुवात अशा मजकुरापासून करा, ज्यातली हकिगत तुम्हाला आधीच ठाऊक आहे.

कोल्हापूरकरांसाठी यातला उत्तम मजकूर म्हणजे पंचगंगेचा पूर. दर पावसाळ्यात इंग्रजी दैनिकं राजाराम बंधाऱ्यावरची पातळी छापतात. ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. त्यामुळे बातमीत काय असणार याचा अंदाज वाचण्याआधीच असतो आणि मन मोकळेपणानं शब्दांकडे लक्ष देतं. नदी ‘स्वेल’ होते, म्हणजे फुगते. शेतं ‘इनन्डेट’ होतात, म्हणजे पाण्याखाली जातात. वाडीतली माणसं ‘मरून्ड’ होतात, म्हणजे चारी बाजूंनी पाण्यानं वेढली जाऊन अडकून पडतात. आणि मग पाणी ‘रिसीड’ होतं. रिसीडला ‘मागे जाणे’ असा अर्थ वहीत लिहिला, तर तो मेलेला राहतो. ‘ओसरणे’ हा आपला शब्द त्यासमोर ठेवला की तो जिवंत होतो. २०१९ आणि २०२१चे पूर ज्यांनी अंगावर घेतले, त्यांना ओसरणे म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

एकाच विषयावरच्या आठदहा बातम्या ओळीनं वाचा. तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात, दर वेळी थोड्या वेगळ्या वाक्यात. ऊसदराच्या आंदोलनाच्या बातम्याही अशाच उपयोगी. इथे शेतकऱ्यांच्या तोंडी रोज ‘एफआरपी’, म्हणजे उसाचा ठरवून दिलेला किमान दर, असतो, पण त्यातला ‘आर’ फार थोडे जण सोडवून बघतात. तो आहे ‘रेम्युनरेटिव्ह’, म्हणजे कष्टाचा मोबदला देणारा, किफायतशीर. लॅटिन ‘म्युनस’चे अर्थ दोन: देणगी आणि कर्तव्याचा भार. त्यातूनच म्युनिफिसंट, म्हणजे सढळ हातानं देणारा. त्यातूनच इम्यून, मुळात सार्वजनिक कर्तव्याच्या भारातून सूट मिळालेला. आणि त्यातूनच म्युनिसिपल. मुळात म्युनस आहे हे एकदा कळलं, की ‘रेन्युमरेशन’ ही सर्रास होणारी चूक तुमच्या हातून कधी होणार नाही. तिथे नंबरचा काही संबंध नाही.

कोणता शब्द उचलायचा आणि कोणता सोडायचा? माझा नियम असा: एखादा शब्द वेगवेगळ्या दोन ठिकाणी भेटला, किंवा तो भेटल्याबरोबर “अरे, यासाठी आपल्याकडे शब्दच नव्हता” असं वाटलं, तरच त्याचं उजळणीचं कार्ड करायचं (ते कसं, हे सातव्या पायरीत). नुसता लांबलचक आहे, ऐकणारा चकित होईल, म्हणून नाही. शशी थरूर यांनी २०१७च्या मे महिन्यात एका ट्विटमध्ये ‘फरागो’ हा शब्द वापरला आणि देशभर लोक कोश उघडून बसले. अनेकांनी तो पुढे कुठेही वापरून टाकला. पण फरागो म्हणजे मूळ लॅटिनमध्ये गुरांना घालायचं मिश्र खाद्य, म्हणजे जवळजवळ आपलं आंबोण. काय काय कालवलंय त्याचा पत्ता नाही, असा गोळा. हे ज्याच्या डोळ्यांसमोर आलं, तो ‘खोट्यानाट्याचा फरागो’ म्हणेल, पण ‘फुलांचा फरागो’ म्हणणार नाही.

तिसरी पायरी: मराठीतला नेमका शब्द गाठा

इंग्रजी शिकायचं तर मराठी विसरा, विचारही इंग्रजीतच करा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. वरच्या पातळीवरच्या शब्दांपुरता तो मला पटत नाही. अनवट शब्द बहुधा माणसाच्या स्वभावातला, रागालोभातला एखादा बारीक कंगोरा पकडतात, आणि ते कंगोरे आपण लहानपणापासून मराठीत ओळखतो. कोशातली लांब व्याख्या घोकण्यापेक्षा आपल्या घरातला, गल्लीतला शब्द शोधा.

‘टॅसिटर्न’ घ्या. कोश म्हणतो, कमी बोलणारा. पण मराठीत कमी बोलणारे किती प्रकारचे आहेत! मितभाषी म्हटलं की कौतुक. घुमा म्हटलं की तक्रार. आतल्या गाठीचा म्हटलं की संशय. टॅसिटर्न घुम्याच्या बाजूला झुकतो: स्वभावानंच तोंड मिटून बसणारा. ‘रेटिसंट’ आतल्या गाठीच्या जवळ जातो, पण त्यात संशयाऐवजी संकोच असतो. मनातलं, खासगीतलं चटकन उघड न करणारा. ‘लॅकॉनिक’ मात्र बोलतो, फक्त मोजून बोलतो. लॅकोनिया म्हणजे ग्रीसमधला स्पार्टाचा मुलूख. मॅसिडोनियाचा राजा फिलिप यानं धमकी पाठवली की मी तुमच्या मुलखात शिरलो, तर तुम्हाला उद्ध्वस्त करीन. स्पार्टातून एका शब्दाचं उत्तर गेलं: “तर.” ग्रीक लेखक प्लुटार्कनं सांगितलेली ही हकिगत एकदा ऐकली, की लॅकॉनिक आणि टॅसिटर्न यांची गल्लत होणं अवघड आहे.

टॅसिटर्न आणि रेटिसंट सख्खी भावंडं आहेत. दोघांच्या मुळाशी लॅटिन ‘टाकेरे’, म्हणजे गप्प राहणं. त्यांचं तिसरं भावंड ‘टॅसिट’. टॅसिट कन्सेंट म्हणजे आपली मूकसंमती.

खर्चाचंही तसंच. काटकसरी हे कौतुक आहे आणि ते ‘फ्रूगल’. कवडीचुंबक ही निंदा आहे आणि ती ‘पार्सिमोनिअस’. मात्र शास्त्रज्ञ एखाद्या सिद्धान्ताला पार्सिमोनिअस म्हणतात, तेव्हा ती स्तुती असते, कमीत कमी गृहीतकांत काम भागवणारा म्हणून. चाणाक्ष माणूस ‘अस्ट्यूट’, बेरकी माणूस ‘वायली’. सोवळेपणाचा आव आणून दुसऱ्याला उपदेश करणारा ‘सँक्टिमोनिअस’. साहेबांच्या पुढेमागे लाळघोटेपणा करणारा ‘अब्सीक्विअस’. नाही म्हटलं तरी पिच्छा न सोडणारा, लोचट, तो ‘इम्पॉर्च्युनेट’. गावाकडून परतताना एसटीच्या खिडकीत बसून जी हुरहुर लागते, तिच्यासाठी ‘विस्टफुल’ आहे. ‘सॅड’ तिथे फार ढोबळ पडतो.

रागाची पायरी लावून बघा. वैतागलेला ‘एक्झॅस्परेटेड’, संतापानं लालबुंद झालेला ‘लिव्हिड’. या दोघांच्या रांगेत न बसणारा ‘इन्डिग्नंट’ आहे, कारण तो रागाची मात्रा सांगत नाही, रागाचं कारण सांगतो. अन्याय झाला म्हणून आलेला राग. रांगेत उभं असताना कुणी मध्येच घुसलं, की येतो तो.

यासाठी एक जुनं साधन फार मोलाचं आहे: मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी वाढवलेली १८५७ची. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट शोधता येतो. आपण नेहमी इंग्रजीकडून मराठीकडे येतो. आठवड्यातून एकदा उलटं जा. घरात ऐकलेला एखादा ठसकेबाज मराठी शब्द त्यात घाला आणि दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी त्यासाठी कोणकोणते इंग्रजी शब्द जमवले गेले ते बघा. मग त्यातला प्रत्येक शब्द आजच्या कोशात तपासा, कारण काही आता वापरातून गेले आहेत.

चौथी पायरी: मूळ शोधा, तिथे बहुतेक वेळा आपलंच कुणी भेटतं

ही पायरी माझी सगळ्यात आवडती, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

१७८६ साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातली साम्यं योगायोगाची असू शकत नाहीत, त्या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात. इंग्रजीतले जवळजवळ सगळे भारदस्त शब्द लॅटिन आणि ग्रीकमधून आलेले. मराठीतले भारदस्त शब्द संस्कृतातून. म्हणजे मराठी माध्यमातल्या मुलाच्या हातात एक किल्ली आधीपासून आहे, फक्त ती कुणी दाखवलेली नसते.

‘पेरिमीटर’ आणि आपली ‘परिमिती’ शेजारी ठेवा. परि आणि पेरि, मिती आणि मीटर. पाचवीच्या भूमितीतच ही किल्ली होती. ‘आंतर’राष्ट्रीय आणि ‘इंटर’नॅशनल. ‘अनाम’ आणि ‘ॲनॉनिमस’, अन् आणि नाव. ‘अज्ञ’ आणि ‘ॲग्नॉस्टिक’, न जाणणारा. ‘दुष्काळ’, ‘दुर्गुण’ यांतला दुस् ग्रीकमध्ये ‘डिस्’ होतो. त्याला पच् जोडा. ग्रीकमध्येही पचनाचं मूळ तेच, आणि शब्द तयार होतो डिस्पेप्सिया, अपचन. रात्री अकरा वाजता तांबड्या रश्श्यावर ताव मारला की होतं ते. त्यावरून ‘डिस्पेप्टिक’ म्हणजे अपचनाचा रोगी, आणि पुढे सतत करवादलेला माणूस.

‘मॅग्नॅनिमस’ सोडवा. मॅग्नस म्हणजे महान, अनिमस म्हणजे मन, आत्मा. महात्मा आणि मॅग्नॅनिमस यांची घडण एकच आहे. त्याच्या उलट ‘प्युसिलॅनिमस’: प्युसिलस म्हणजे अगदी चिमुकलं. ज्याचं काळीज इवलंसं, तो भेकड. हे दोन शब्द जोडीनं शिकले की दोन्ही टिकतात.

आणि माझा लाडका शब्द ‘इम्पीड’. अर्थ, अडथळा आणणे. लॅटिन ‘पेस, पेडिस’ म्हणजे पाय, आपला पद. इम्पीडचा मूळ अर्थ पायात बेडी घालणे. आता मराठीत आपण काय म्हणतो? चांगल्या कामात खोडा घालणे. खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचं लाकूड! दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तेच चित्र काढलं. पायातली बेडी काढून टाकणे म्हणजे ‘एक्स्पिडाइट’, कामाला गती देणे. फाईल अडली तर इम्पीड झाली, सुटली तर एक्स्पिडाइट झाली. हे एकदा दाखवल्यावर विसरलेला विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही.

पण सावध राहा. सारखं दिसणारं प्रत्येक मूळ एक नसतं. ‘पेडगॉग’ आणि ‘पीडियाट्रिक’ यांतला पेड पायाचा नाही, ग्रीक भाषेतल्या मुलाचा आहे. ‘नॉइसम’ म्हणजे गोंगाटाचा नाही, किळसवाणा, दुर्गंधीयुक्त. तो ‘अनॉय’च्या घराण्यातला. ‘रेस्टिव्ह’ म्हणजे निवांत नाही, उलट अस्वस्थ, आवरत नसलेला. मुळात एका जागी अडून बसलेल्या घोड्याला उद्देशून आलेला शब्द. म्हणून व्युत्पत्ती अंदाजानं कधी लिहू नका. चांगल्या कोशात नोंदीच्या शेवटी ती दिलेली असते, ती वाचा.

ज्या शब्दाला असं नातं सापडत नाही, त्याला नादाची खुंटी चालते. स्टॅनफर्डच्या रिचर्ड ॲटकिन्सन आणि मायकेल रॉ यांनी १९७५ साली रशियन शब्दांवर या पद्धतीचा प्रयोग प्रसिद्ध केला: परक्या शब्दासारखा ऐकू येणारा आपल्या भाषेतला शब्द घ्यायचा आणि दोघांना एका चित्रात बांधायचं. ‘आयर’ म्हणजे क्रोध आणि ‘इरॅसिबल’ म्हणजे शीघ्रकोपी. इरेला पेटणारा! ‘चाइड’ म्हणजे रागे भरणे. चिडून बोलणारी मोठी बहीण आठवा. ‘टर्जिड’ म्हणजे फुगलेला. तुडुंब भरलेला रंकाळा तलाव. ‘लुगूब्रिअस’ म्हणजे शोकाकुल, रडवेला. लुगड्याच्या पदरात तोंड खुपसून रडणारी बाई. यात खरं नातं काही नाही, हे कार्डावर स्पष्ट लिहा. शब्द पक्का झाला की खुंटी काढून टाका.

पाचवी पायरी: शब्दाचे सोबती

मराठीत झोप गाढ असते, धुकं दाट असतं, पाऊस मुसळधार असतो, थंडी कडाक्याची असते. मुसळधार थंडी कुणी म्हणत नाही. नियम कुठे लिहिलेला नाही, पण चुकला की कानाला खटकतं. इंग्रजीतही प्रत्येक शब्दाचे ठरलेले सोबती आहेत, आणि अनवट शब्दांच्या बाबतीत तर एखाददुसराच सोबती असतो. दारिद्र्य ‘ॲब्जेक्ट’. पाठीराखा ‘स्टॉन्च’. खोटं बोलण्याची सवय हाडीमाशी भिनलेला ‘इन्व्हेटरेट’ लायर. भीती ‘अले’ करायची, बंड ‘क्वेल’ करायचं, असंतोष ‘फोमेंट’ करायचा, हाहाकार ‘रीक’ करायचा.

त्यामुळे कार्डावर शब्द कधीच एकटा लिहायचा नाही. ‘अले’ नव्हे, ‘अले फिअर्स’. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांचे विद्यार्थ्यांसाठीचे कोश इंटरनेटवर फुकट आहेत आणि त्यांत हे सोबती ठळक अक्षरांत दिलेले असतात. शंका उरलीच तर ‘कोका’ हा अमेरिकन इंग्रजीचा एक अब्जाहून अधिक शब्दांचा संग्रह आहे. नाव नोंदवून त्यात शब्द घातला, की त्याच्या आगेमागे कोण कोण बसतं ते डोळ्यांसमोर येतं.

सहावी पायरी: कुठे चालतो आणि कुठे नाही

वारला, गेला, निधन झालं, देवाज्ञा झाली, खपला. अर्थ एकच, पण शेजारच्या आजोबांविषयी ‘खपले’ म्हटलं तर घरातून जोडा बसेल. इंग्रजीत ‘पास अवे’ आदरानं, ‘डिमाइज’ औपचारिक किंवा कायद्याच्या भाषेत, ‘पेरिश’ आपत्तीत किंवा साहित्यात. आपल्याकडे ‘एक्स्पायर झाले’ सर्रास ऐकू येतं. इंग्लंड-अमेरिकेतल्या रोजच्या बोलण्यात ते क्रियापद पासपोर्टला आणि औषधाच्या मुदतीला लागतं.

कोशात शब्दाच्या पुढे तिरप्या अक्षरांत लहानशी खूण असते: फॉर्मल, लिटररी, आर्केइक, डिसअप्रूव्हिंग. ती खूण अर्थाइतकीच महत्त्वाची आहे आणि आपण नेमकी तीच वगळतो. कार्डाच्या कोपऱ्यात लाल शाईनं लिहा. सँक्टिमोनिअस हा शब्द कुणाची स्तुती म्हणून चुकून वापरला गेला, तर नातं तुटू शकतं.

उच्चार, थोडक्यात

पुस्तकातून शिकलेला शब्द मनात चुकीच्या उच्चारानं बसतो आणि मग निघत नाही. ‘इपिटमी’ चार अवयवांचा (सिलॅबल्सचा) आहे, एपिटोम नाही. ‘हायपर्बली’, हायपरबोल नाही. ‘अराय’, ऑरी नाही. ‘इन्डाइट’मधला सी मुका. ‘पॉइन्यंट’मधला जी मुका. कार्ड करण्याआधी ऑनलाइन कोशातलं कर्ण्याचं चिन्ह दाबा, तीनदा ऐका, तीनदा मोठ्यानं म्हणा, आणि जोर कुठल्या अवयवावर आहे तिथे टिंब द्या. अभ्यासिकेत बोलता येत नाही, म्हणून हे काम घरी किंवा गच्चीवर करा.

सातवी पायरी: चपलांचं खोकं

हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं की शिकलेलं विसरण्याचा वेग सुरुवातीला सगळ्यात जास्त असतो आणि नंतर मंदावतो. म्हणजे उजळणी पहिल्या काही दिवसांत दाट हवी, पुढे विरळ चालते. पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात त्यासाठी कप्प्यांच्या खोक्याची युक्ती लोकप्रिय केली.

माझं खोकं कोल्हापुरी चपलांचं आहे. आत पुठ्ठ्याचे चार आडवे तुकडे लावून पाच कप्पे केलेत. कार्डं म्हणजे जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे तुकडे. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं, चौथा पंधरा दिवसांनी, पाचवा महिन्यानं. उत्तर आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं तर थेट पहिल्यात, मग ते कुठल्याही कप्प्यातलं असो.

कार्डाच्या पुढच्या बाजूला इंग्रजी शब्द न लिहिता प्रसंग मराठीत लिहा. उदाहरणार्थ: “चांगल्या कामात मुद्दाम खोडा घालणे, पाय.” मागच्या बाजूला इम्पीड, त्याचे सोबती, लाल शाईतली खूण, वाचलेलं मूळ वाक्य आणि ते कुठे वाचलं. असं उलटं कार्ड अवघड जातं, पण बोलताना आपल्याला विचाराकडून शब्दाकडेच जायचं असतं. शब्द बघून अर्थ आठवण्याच्या सरावानं वाचणं सुधारतं, बोलणं तिथेच राहतं. उत्तर मागे वळून बघण्याआधी दहा सेकंद डोक्याला ताण द्या. तो ताण हीच मेहनत.

मोबाइल सोयीचा वाटत असेल तर २००६पासून असलेलं ‘अँकी’ हेच काम आपोआप करतं. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. मात्र दुसऱ्यांनी केलेले तयार संच उतरवून घेऊ नका. तुमचा प्रसंग आणि तुमचं वाक्य त्यांत नसतं.

आठवी पायरी: आखाड्यात उतरवा

दर रविवारी त्या आठवड्याचे वीस शब्द समोर ठेवा आणि त्यातले पाच घेऊन दहा ओळी लिहा. विषय घरचा हवा: किरणोत्सवाची गर्दी, खासबाग मैदानातली एखादी कुस्ती, गुऱ्हाळावरची रात्र, वडिलांचा सोसायटीतला वाद. पाचाचे पंधरा करू नका. हा झाला सराव; एरवीच्या लिखाणात एका परिच्छेदात एक अनवट शब्द शोभतो. तीन झाले की वाचणाऱ्याचं लक्ष मजकुरावरून उडून लिहिणाऱ्याकडे जातं. लिहून झाल्यावर प्रत्येक अनवट शब्दाच्या जागी साधा शब्द ठेवून बघा. काहीच हरवलं नाही, तर साधाच ठेवा. काहीतरी नेमकं हरवलं, तर तुम्ही शब्द योग्य जागी वापरला आहे.

एक जोडीदार शोधा. आमच्यातले दोघे तिघे संध्याकाळी रंकाळ्याला फेरी मारताना ठरवून इंग्रजीत बोलतात. फेरी संपेपर्यंत त्या दिवसाचा एक शब्द तीनदा, तीन वेगळ्या संदर्भांत, सहज वाटेल असा यायला हवा. ओढूनताणून आणला की दुसऱ्यानं थांबवायचं. शहरात न राहणाऱ्यांनी फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला तरी चालतं.

आणि वाचन चालू ठेवा. १८५० सालापासून उभं असलेलं करवीर नगर वाचन मंदिर इथे आहे, शिवाजी विद्यापीठात खर्डेकर ग्रंथालय आहे. चार शब्द शिकायला वीस मिनिटं पुरतात. उरलेला वेळ नुसतं वाचा, दर ओळीला कोश न उघडता. शिकलेला शब्द एखाद्या पानावर अचानक समोर आला की होणारा आनंद हीच त्या शब्दाची सगळ्यात पक्की उजळणी आहे.

महिन्याच्या शेवटी खोक्यातून डोळे मिटून वीस कार्डं काढा. अर्थ, एक सोबती आणि एक स्वतःचं वाक्य, तिन्ही आलं तरच शब्द तुमचा. पंधराच्या खाली गुण आले, तर पुढच्या महिन्यात नवे शब्द दिवसाला दोनच घ्या. सहा महिन्यांत वाचनात ज्याची एकदाही गाठ पडली नाही, ते कार्ड काढून वेगळ्या पाकिटात ठेवा. खोकं हलकं राहिलं तर रोज उघडावंसं वाटतं. गेल्या दिवाळीत मी अशी साठेक कार्डं काढली. ‘लुगूब्रिअस’ त्यात होता. फेब्रुवारीत एका जुन्या प्रवासवर्णनात तो मला पुन्हा भेटला, एका घोड्याच्या लांबट, रडवेल्या तोंडाचं वर्णन करताना. त्याच रात्री पाकीट शोधलं, कार्डाच्या मागे ते वाक्य उतरवलं आणि ते परत पहिल्या कप्प्यात ठेवलं.